माझ्या खात्यापुरतं

घरच्या कॉम्प्युटरवर दादाचं खातं अ‍ॅडमिनचं, माझं साधं. नोकरीच्या परीक्षेसाठी मला एक प्रोग्राम चालवायचा होता. तो कुठे ठेवलाय, त्याचा पत्ता कॉम्प्युटरच्या एका यादीत लिहायचा, बस्स, एवढंच काम. त्या एका ओळीसाठी मी तीन दिवस दादाच्या नाकदुऱ्या काढल्या. तो यायचा, मला खुर्चीतून उठवायचा, "तोंड फिरव तिकडे" म्हणत आपला पासवर्ड टाकायचा, ओळ लिहायचा आणि निघून जायचा. माझा प्रोग्राम मात्र ढिम्म हलायचा नाही.

"माझ्या खात्यावर तर मस्त चालतोय. तुझंच काहीतरी चुकतंय. झेपत नसेल तर दे सोडून."

आज चार वाजता परीक्षा. दादा जेवून आला, तेव्हा माझा प्रोग्राम सुरू होता.

"पासवर्ड कुणी सांगितला तुला?"

"कुणी नाही. तू पासवर्ड टाकलास की यादी तुझ्या खात्याची उघडते, दादा. तीन दिवस माझी ओळ तू तुझ्याच खात्यात लिहीत होतास. माझ्या खात्याची यादी मला पहिल्यापासून उघडता येत होती. तुला विचारायची गरजच नव्हती."

"ऊठ, बघू दे मला."

मी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"तोंड फिरव तिकडे. मला माझा पासवर्ड बदलायचाय."