सखाची तुला

सायकल शर्यत जिंकलेल्या सखाची जिते गावाने तांदळाने तुला करायची ठरवली. गेल्या वर्षी तो सत्तर किलो होता, म्हणून घरोघरून तेवढाच तांदूळ जमवला. पण अठ्ठावन्न किलोलाच सखाचं पारडं वर गेलं. “गिरजे, पोराला जेवायला घालतेस का नाय गो?” सरपंच दाजींनी सखाच्या आईला माईकवरच विचारलं. मांडव हसला. समोर बसलेले एका कंपनीच्या सायकल संघाचे प्रशिक्षक मात्र खुशीत होते. वजन उतरलं तरच संघात ठेवीन, असं त्यांनीच सखाला बजावलं होतं. चार महिने आईची भाकरी सखा गुपचूप गाईला चारत होता. ते सांगायला त्याने तोंड उघडलं, तोच आई म्हणाली, “व्हय दाजी, माजाच हात आखडता.” उरलेला तांदूळ डोक्यावर घेऊन ती घरोघर परत करायला निघाली. हार घातलेला सखा पारड्यातच बसून राहिला.