बसायची जागा

शेतगडी रामकिसननं खणलेला खड्डा तयार होता. आत एका अंगाला कोनाडा, मांडी घालून माणूस बसेल एवढा. युसूफ वडगाव या गावच्या त्या शेतात दानम्माच्या लिंगायत घरची सगळी माणसं मेल्यावर अशीच मातीत बसलेली होती. वडिलांच्या शेजारची ही जागा तिनं धाकट्या भावासाठी राखली होती. तो भाऊ, विश्वेश्वर, परवा मुंबईत वारला.

तिथं तो मोठा बँकवाला होता. खाती सांभाळणारा नव्हे, कारखाने काढणाऱ्यांना बाजारातून भांडवल उभं करून देणारा. त्याच्या शब्दावर अनोळखी माणसं पैसे लावायची. गावाला हे काम शेवटपर्यंत उमगलं नाही. दानम्माला मात्र त्याचं फोनवरचं एक वाक्य पाठ होतं, "आक्का, एवढी एक कंपनी मार्गी लागली की गावी येऊन निवांत बसतो." पेन्शनीत निघाला तरी त्याच्या कंपन्या काही संपल्या नाहीत.

गाडी बांधाला लागली. विश्वेश्वरची मुलगी ईश्वरी एकटीच उतरली. दानम्मा तिच्या मागं रस्त्याकडं बघत राहिली.

"विसू मागच्या गाडीत हाय का गं?"

ईश्वरीनं लाल फडक्यात बांधलेलं मडकं पुढं केलं.

"आत्या, तुम्हीच म्हणालात ना, बाबांना घेऊन ये."

"जाळलं व्हय गं त्याला? आपल्यात जाळत न्हाईत, लेकी."

"सगळं ऑफिसच्या लोकांनी केलं. बाबा मला कधी काही बोललेच नाहीत." ईश्वरी हमसून रडायला लागली. दानम्माला तिच्यावर रागावताही येईना. लेकीला चार गोष्टी सांगायला विसूला सवड कधी होती!

रामकिसननं मडक्याकडं बघितलं, खड्ड्याकडं बघितलं. "आक्का, जरा बुजवून लहान करू का?"

"नगं. तेवढाच ऱ्हाऊ दे. बसतो म्हणालता."

विधीला आलेल्या जंगमांनी हळूच विचारलं, "गळ्यातलं इष्टलिंग कुठाय?"

ईश्वरीनं पर्समधून पुडी काढली. "दवाखान्यात शर्टाच्या आत सापडलं. रोज टायच्या खाली असायचं म्हणे. मला माहीतच नव्हतं."

दानम्मानं ते ओळखलं. आईनं बांधलेलंच होतं. सगळं सोडून गेलेल्या भावानं एवढं मात्र सोडलं नव्हतं. आता तिला रडू आवरेना.

"हे डाव्या तळहातावर ठेवूनच माती देत्यात," ती म्हणाली. मडक्याचं फडकं तिनं सोडलं आणि लिंग मुठीत धरून आत बघत राहिली.

"हात कुठाय गं त्याचा?"