विळीवरून

मारुती मंदिराजवळच्या दुकानात दुकानदार नव्या ओएलईडी टीव्हीचं गुणगान करत होता. "काका, काळा रंग बघा, अगदी अमावास्येसारखा!" कमळाकाकूंच्या कपाळावर आठ्या पडल्या. घरचा टीव्ही धडधाकट असताना हा दुप्पट किमतीचा पांढरा हत्ती कशाला? आप्पा मात्र समोरची खुर्ची सोडून पार कोपऱ्यात गेले आणि गुडघ्यांवर हात टेकत चक्क जमिनीवर बसले.

"अहो, उठा आधी! लोक बघतायत. टीव्ही समोरून बघतात."

"समोरून मी बघतो. तू स्वयंपाकघराच्या दारात विळीवर बसून बघतेस, अशी बाजूने."

"मग? मी कधी तक्रार केली?"

"नाही केलीस. पण तू तापाने पडलीस तेव्हा विळीवर मी बसलो होतो ना. तिथून आपल्या टीव्हीतली सगळी माणसं पांढरीफटक दिसतात गो. इथून बघ, कशी छान सावळी दिसतायत."

काकू पदर सावरून हळूच त्यांच्या शेजारी टेकल्या.

"अगो बाई! इतकी वर्षं मला वाटायचं, या बायका पावडरच तेवढी थापतात."