यंत्रात दोष नाही

हाही शॉट डावीकडे गेला. समोरच्या पडद्यावर हिरवा ठिपका काळ्या वर्तुळाच्या पार कडेला उमटला. नुपूरने पिस्तूल टेबलावर ठेवलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर कंपनीला तेवढंच निमित्त मिळालं असतं.

"बघितलंत?" मागे न वळता तिने जपानीत विचारलं.

हात्तोरी-सानने मान लववली. पिस्तूल बनवणाऱ्या कंपनीच्या दुरुस्ती विभागातला हा माणूस. इतके दिवस तो फोनवर नुसती माफी मागत होता. शेवटी नुपूरने त्याला सुनावलं होतं, की आता माझ्या मागे येऊन उभे राहा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आज तो कोतोच्या क्रीडाकेंद्रात खरंच येऊन उभा होता.

पिस्तूल खेळाचं होतं. त्यातून गोळी सुटत नाही, प्रकाशाचा झोत सुटतो. म्हणून तर जपानमध्ये ते परवान्याशिवाय घरी ठेवता येतं. पुण्यात नुपूर एअर पिस्तूल चालवायची, राज्य पातळीपर्यंत पोचली होती. लग्न होऊन प्रसन्नबरोबर इकडे आली आणि ते सुटलं. इथे नोकरी लागल्यावर तिने स्वतःसाठी काही घेतलं असेल, तर हे. उद्या क्लबच्या संघाची निवड होती. आणि ऑक्टोबरपासून तिचा नेम डावीकडे जात होता.

नेम धरायला नळीच्या मागच्या टोकाला खाच असलेली एक बारीक पट्टी असते. तिला रिअर साइट म्हणतात. तीच सरकत होती. स्क्रू फिरवून जागेवर आणावी, तर थोड्या वेळाने पुन्हा डावीकडे. वॉरंटी होती, म्हणून तिने पिस्तूल पाठवलं. ते परत आलं ते पांढऱ्या कागदात गुंडाळून, देव्हाऱ्यातली वस्तू असावी तसं. सोबत उत्तर होतं: यंत्रात दोष नाही. तिने पुन्हा पाठवलं. पुन्हा तोच पांढरा कागद आणि तेच उत्तर.

नुपूर सॉफ्टवेअर टेस्टर होती. 'माझ्याकडे तर चालतंय' हे वाक्य ती ऑफिसात रोज ऐकायची आणि म्हणणाऱ्याला सहसा सोडायची नाही. इथे भांडायला समोर कोणी उभंच राहत नव्हतं. एकदा फोनवर हात्तोरी-सानने अडखळत विचारलं होतं, रिअर साइटबद्दल तुम्हाला काही खास सांगायचं आहे का. ती उखडली होती. खास काय सांगायचं, ती बिघडली आहे.

घरी तरी काय वेगळं होतं? सासूबाई, स्नेहलताबाई, दसऱ्याच्या आधी पुण्याहून आल्या होत्या. सुनेच्या पिस्तुलाबद्दल त्या चकार शब्द काढत नसत. काढला तो एकदाच, पिस्तूल दुसऱ्यांदा परत आलं तेव्हा. पोळी लाटता लाटता, भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या होत्या, "नाचता येईना, अंगण वाकडं." कंपनी इतक्या नम्रपणे जे सांगत होती, तेच सासूबाईंनी चार शब्दांत उरकलं, हे तिला सलत राहिलं. आज प्रसन्नला कामावर जावं लागलं, म्हणून त्या सोबत आल्या होत्या. मांडीवर पर्स घेऊन मागच्या बाकावर बसल्या होत्या. गंमत बघायला, नुपूरच्या मनात आलं.

हात्तोरी-सानने परवानगी मागितली. टेबलावर पांढरा रुमाल अंथरला. स्क्रू सैल करून पट्टी उचलली, चिमट्याने खालून काहीतरी काढलं आणि रुमालावर अलगद ठेवलं. मग पट्टी बसवून पिस्तूल दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं.

शॉट मधोमध लागला. दुसराही. त्यानंतरचा एकही हलला नाही.

नुपूरला आनंद झाला नाही. तिचं डोकं सणकलं. म्हणजे हे यांना येत होतं. मग इतके दिवस हा खेळ कशासाठी चालवला होता? ती बोलायला वळली, तर हात्तोरी-सानने पिस्तूल पुन्हा उघडलं होतं. रुमालावरची ती वस्तू चिमट्यात धरून तो परत पट्टीखाली ठेवत होता.

"काय करताय तुम्ही?"

त्याचे कान लाल झाले. "ही तुमची ओमामोरी आहे ना?"

ओमामोरी म्हणजे देवळातून आणलेला ताईत. तो कुणी उघडून बघत नाही, कचऱ्यात टाकत नाही. हात्तोरी-सान खाली बघत सांगत राहिला. पहिल्यांदाच त्यांना ती सापडली होती. ती काढली की नेम बरोबर लागतो, हेही कळलं होतं. पण दुसऱ्याची श्रद्धा काढून कशी टाकायची? आणि ती काढा, असं तिला तोंडावर तरी कसं सांगायचं? म्हणून दर वेळी ते ती बाजूला ठेवत, यंत्र तपासत आणि होती तिथे पुन्हा बसवून देत.

दात आवळून नुपूर चिमट्यावर वाकली. त्यात तांदळाचा एक दाणा होता. कुंकवाने लाल झालेला.

तिने तो ठेवला नव्हता.

बाक करकरलं. जपानीचं अक्षरही न कळणाऱ्या स्नेहलताबाई उठून तिच्या खांद्याशी आल्या होत्या. त्यांनी चष्मा वर करून दाणा पाहिला.

"अगं, ही तर खंडेनवमीची अक्षता," त्या म्हणाल्या. "तू ऑफिसला गेल्यावर मी पूजा केली होती पिस्तुलाची. तुझा नेम चुकू नये म्हणून."