जागेवाल्याचा खांदा

"जागेवाल्यानं पुढे यावं, पहिला खांदा द्यावा!" सोसायटीच्या फाटकात पालखी थांबवून गुरवानं हाळी दिली. दर शिमग्याला पालखी याच माळावर नाचायची आणि पहिल्या खांद्याचा मान जागेच्या मालकाचा, म्हणजे घागांचा. सवयीनं म्हाताऱ्या अनाजी घागांनी टोपी सारखी केली, पाऊल उचललं आणि ते थबकले.

वाडीचा पहिला विकास आराखडा झाला तेव्हा नगररचनेच्या साहेबांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं होतं, "हा माळ मोकळा ठेवायचा ना?"

"माझ्या मालकीचा आहे. बिल्डिंगसाठी दाखवा," अनाजी ठणकावून म्हणाले होते. "पालखीला कोण अडवतंय?" मग त्यांनी माळ बिल्डरला विकला आणि तिथं ही सोसायटी उभी राहिली.

खरंच कुणी अडवलं नव्हतं. सोसायटीच्या तरुण अध्यक्षानं गाड्या हलवून पार्किंगमध्ये रांगोळीसुद्धा काढून घेतली होती. आता तो गोंधळून उभा होता.

अनाजींनीच त्याचा हात धरून त्याला पालखीपाशी नेलं.

"काका, कुठला खांदा द्यायचा असतो?"

"उजवा," अनाजी म्हणाले आणि स्वतःच्या खांद्यावरचा पंचा काढून त्याच्या खांद्यावर ठेवला.