समुद्रावरच्या होड्या

वसईच्या चर्चला देणगी म्हणून मिळालेल्या जुन्या चित्रपडद्यावर निळा समुद्र विणलेला होता. गावचा कोणी दर्यात बुडाला, की त्याच्या घरची बाई त्या समुद्रावर दोऱ्याने एक होडी भरायची. कातरीनबायनेही आपल्या पेद्रूची होडी भरली होती. आज त्या होडीचं शीड दिसत नव्हतं.

"फादर, तुमचे किडे माझ्या पोराला खातायत!"

"किडे नव्हेत बाय, सूक्ष्मजीव. पडदा दुरुस्त करायला सोडलेत. कुजका धागा खाऊन तसाच नवा विणतात." फादर बास्त्याव ओशाळले. "पडदा मिळाला तेव्हाचा फोटो आपण त्यांना नमुना म्हणून दिला. त्यात होड्या नव्हत्या. त्यांना हे डाग वाटतात, म्हणून साफ करतायत."

"एवढे शिकवलेले, आणि होडी ओळखत नाहीत? मारून टाका."

"अर्धा पडदा आता त्यांच्याच अंगाचा झालाय. ते मेले तर सगळाच गळून पडेल."

कातरीनबाय स्टुलावर चढली आणि शीड पुन्हा भरू लागली. फादर स्टूल धरून राहिले. गाठ मारून तिने पाहिलं, तर पहिला टाका सुटून लोंबत होता आणि त्याच्याखालचा समुद्र नव्यासारखा स्वच्छ दिसत होता.