बाबांचा गुडघा

बाबा पुन्हा थांबले.

या वेळी वारुळापाशी. काठीवर रेलून ते वाकले आणि नातीला म्हणाले, "बघ छोटे, कशा निघाल्यात कामाला. एकीलाही सुट्टी नाही."

छोटी उकिडवी बसून मुंग्या बघू लागली. सून मागे उभी राहून सासऱ्यांना न्याहाळत होती. वाकताना त्यांनी ओठ आवळले होते का?

तळं घरापासून हाकेच्या अंतरावर. पण बाबा कधी खोडावरचं शेवाळ दाखवायला थांबत, कधी खंड्या दिसला म्हणून. काहीच सापडलं नाही की गुडघा होताच. "धरला बघ लेकाच्यानं," म्हणत ते कुठल्याशा कट्ट्यावर टेकायचे आणि शेजारची जागा हातानं झाडून सुनेलाही बसवायचे.

गेल्या वर्षी याच वाटेनं ती पळायला यायची. कानात गाणी, नजर घड्याळावर. वाटेत शेवाळ आहे हे तिला कधी दिसलंच नव्हतं. "तळं काय पळून जाणारेय?" असं चिडवत बाबाही तरातरा मागून पोचायचे.

मग तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. घर, छोटी, डबे, दवाखान्याच्या खेपा, सगळं बाबांच्या गळ्यात पडलं. ती बरी होऊन आली आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली. बाबांच्या हातात मात्र काठी आली होती. आपल्या दुखण्यानं यांना म्हातारं केलं, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

आज ती बोलायचं ठरवूनच सोबत आली होती. छोटीला तळ्यावर नेणं हा बाबांचा रोजचा विरंगुळा. तो आता बंद करावा लागणार होता. पाण्याची जागा, चार वर्षांची पोर आणि हा असा गुडघा. नवऱ्याशी ती सकाळीच बोलली होती. त्यानं विषयच बदलला होता.

तळ्याकाठच्या बाकावर दोघं टेकली. छोटी समोर चतुरांच्या मागे लागली होती.

"बाबा, उद्यापासून हिला मीच आणीन. तुम्हाला नाही झेपत आता."

बाबा काठीच्या टोकानं मातीत रेघ ओढत राहिले. "बरं," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात छोटी उताराला लागली. सरळ पाण्याच्या दिशेनं.

सून उठून धावली. चार पावलांतच छातीत श्वास मावेना. झाडाला धरून ती उभी राहिली. हाकही फुटेना.

शेजारून कुणीतरी वाऱ्यासारखं गेलं.

बाबांनी छोटीला अगदी काठावर उचललं, खांद्यावर टाकलं आणि सगळा चढ पळत वर आले. काठी बाकापाशी पडली होती. त्यांना धापसुद्धा लागली नव्हती.

सुनेच्या चेहऱ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग छोटीला खाली ठेवून झाडाखालचा दगड हातानं झाडला आणि गुडघा चोळत म्हणाले, "बसू या जरा. धरला बघ लेकाच्यानं."